कार्डाच्या कडेची खाच

मार्चअखेरीच्या गडबडीत सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. "मॅडम, सर्व्हर जुना झालाय. नवीन घ्यावा की क्लाउडवर जावं, तेवढं एकदा सांगून टाका. शनिवारी संचालक मंडळाची सभा आहे." मी विचारलं, "घेतलेला बॅकअप रिस्टोअर करून शेवटचा कधी बघितला होता?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "बॅकअप रोज होतो की. स्क्रीनवर हिरवी खूण येते."

डेटाबेस सांभाळायच्या धंद्यात मला आता तीस वर्षं होत आली. या हिरव्या खुणेवर विसंबून बसलेली माणसं मी कारखान्यात पाहिली, बँकेत पाहिली आणि क्लाउडवरही पाहते आहे. एके काळी मी स्वतः त्यांतलीच होते. म्हणून त्या अध्यक्षांना मी फोनवर उत्तर दिलं नाही. म्हटलं, येऊन बघते.

आपलं यंत्र घ्यावं की दुसऱ्याचं भाड्यानं वापरावं, हा प्रश्न क्लाउड आल्यावर निघाला अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. मुंबईत तो माझ्या जन्माआधीपासून विचारला जातोय. मला तो कळला माझ्या मावशीकडून.

मावशी १९७१ साली फोर्टातल्या एका डेटा प्रोसेसिंगच्या ऑफिसात पंच ऑपरेटर म्हणून लागली. गिरगावातून चालत जायची. ऑफिसात काम यायचं ते बाहेरच्या कंपन्यांचं. कुणाचे पगार, कुणाचा गोदामातला माल, कुणाच्या भागधारकांच्या याद्या. स्वतःचा कॉम्प्युटर ज्यांना परवडत नव्हता ते कागदांचे गठ्ठे पाठवायचे आणि छापलेले रिपोर्ट घेऊन जायचे. टाटांनी १९६८ साली मुंबईत टीसीएस काढली, तेव्हा तिची सुरुवातही याच जातीच्या कामानं झाली: टिस्कोसाठी पंच कार्डांचं काम, सेंट्रल बँकेसाठी शाखाशाखांमधल्या नोंदी जुळवण्याचं काम. ज्यांच्या ऑफिसात यंत्र दिसायचं, त्यांच्याही मालकीचं ते असेलच असं नाही. आयबीएम आपली १४०१ यंत्रं इथल्या कंपन्यांना भाड्यानं द्यायची आणि दुरुस्तीलाही त्यांचीच माणसं यायची.

मग १९७३चा फेरा कायदा आला. परदेशी कंपन्यांनी इथल्या कंपनीतला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असं सरकारनं सांगितलं. आयबीएमनं ते मान्य केलं नाही आणि १९७८ साली ती देशातून गेली. देखभालीचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. मावशी सांगते, त्या दिवसांत ऑफिसात डबा खाताना एकच विषय असायचा: उद्या मशीन अडलं तर बोलवायचं कुणाला? यंत्राची मालकी कुणाची, भाडं किती, यावर साहेबलोक भांडत होते. काम करणाऱ्यांना भीती होती ती दुरुस्तीला येणारा माणूस नाहीसा होण्याची. मला वाटतं, पन्नास वर्षांनंतरही हा प्रश्न मावशीच्या डबा खाणाऱ्या टेबलावरूनच नीट दिसतो.

मावशीनं मला आणखी एक गोष्ट दिली. कार्डाला ८० उभे रकाने असत. एका बाईनं कागद बघून कार्ड पंच केलं की ते दुसऱ्या बाईकडे जायचं. तिच्यापुढे व्हेरिफायर नावाचं मशीन असे. दिसायला पंचिंगच्या मशीनसारखंच, पण ते भोकं पाडत नसे. दुसरी बाई तोच कागद बघून तोच मजकूर पुन्हा टाईप करायची आणि मशीन तो कार्डावरच्या भोकांशी ताडून पाहायचं. कुठे जुळलं नाही तर त्या रकान्याच्या डोक्यावर खाच पडायची. सगळं जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला एक छोटी खाच. काम संपल्यावर मावशी कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करायची आणि उजव्या कडेवरून अंगठा फिरवायची. सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की कडेला एक चर तयार होई. मध्ये एखादं न तपासलेलं कार्ड राहिलं असेल तर अंगठ्याला अडथळा लागायचा. एकीनं पंच केलेलं तिनंच तपासायचं नाही, हा तिथला नियम. "अगं, आपली चूक आपल्या डोळ्यांना बरोबरच दिसते," मावशी म्हणायची. "म्हणून दुसरीचे डोळे लागतात."

मावशी नोकरीला लागली त्याच्या आदल्याच वर्षी, १९७० साली, आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत एडगर कॉड यांनी तो प्रसिद्ध निबंध लिहिला. माहिती तक्त्यांत मांडावी, आणि ती डिस्कवर नेमकी कुठे पडली आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असायची गरज नसावी, ही त्यातली कल्पना. तिच्यातून आयबीएमची सिस्टिम आर निघाली, बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांचं इंग्रेस निघालं, १९७९ साली ओरॅकल बाजारात आलं. बर्कलीतच १९८६ साली सुरू झालेल्या पोस्टग्रेसचं १९९६ साली पोस्टग्रेसक्यूएल झालं. त्याच्या आदल्या वर्षी मायएसक्यूएल आलं होतं. ही वंशावळ पुस्तकांत सविस्तर सापडते. त्यातून एक नवा कामगार तयार झाला, त्याच्याविषयी मात्र फारसं कुणी लिहीत नाही. तो म्हणजे डीबीए, डेटाबेसची राखण करणारा. वापरणाऱ्याला डिस्कची फिकीर नको, असं कॉड यांनी म्हटलं. मग ती फिकीर कुणीतरी करायला हवी होती. ती आम्ही केली.

मी १९९६ साली भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. युनिक्सचा सर्व्हर, त्यावर ओरॅकल ७. काचेचं पार्टिशन घालून केलेली खोली, कारखान्यातली एकमेव एसी खोली. उन्हाळ्यात सुपरवायझर काही ना काही निमित्त काढून तिथे येऊन उभे राहायचे. खंडेनवमीला लेथ मशीनना हार घातले की पुजारी आमच्या खोलीतही यायचे आणि सर्व्हरला, यूपीएसला, टेप ड्राइव्हला हळदकुंकू वाहायचे. मला ते मनापासून आवडायचं. तीही हत्यारंच होती.

पूर्ण बॅकअपसाठी डेटाबेस बंद करावा लागे. त्याला कोल्ड बॅकअप म्हणायचे. तो गुरुवारी, कारण गुरुवार एमआयडीसीच्या सुट्टीचा. पण वीज मंडळाची दुरुस्तीची कामंही गुरुवारीच निघायची, त्यामुळे जनरेटरमध्ये डिझेल किती आहे हे बुधवारी संध्याकाळी स्वतः बघून घरी जायचं. बाकीचे दिवस हॉट बॅकअप. रात्रपाळी चालू असतानाच एकेका टेबलस्पेसला, म्हणजे फाइलींच्या एका गटाला, 'बिगिन बॅकअप' सांगायचं, तिच्या फाइल कॉपी करायच्या, मग 'एंड बॅकअप'. हे शेवटचं सांगायला विसरलं तर लॉग, म्हणजे बदलांच्या नोंदींच्या फाइल, फुगत जायचे, लॉगची डिस्क भरायची आणि डेटाबेस लटकायचा. पहाटे तीनला गेटवरून फोन यायचा, "मॅडम, चलन निघत नाहीये." निगडीहून स्कूटरवर भोसरीला पोचेपर्यंत मालाचे ट्रक गेटवर रांगेत उभे असायचे.

फाइल कॉपी झाल्या की त्या टेपवर. डीएटी कार्ट्रिज, ४ जीबीची, तळहातावर मावणारी. प्रत्येक वाराची एक, महिनाअखेरची वेगळी. महिनाअखेरची टेप कारखान्यात ठेवायची नाही असा आमच्या साहेबांचा दंडक होता. ती रुमालात गुंडाळून मी घरी न्यायचे आणि कपाटात, आईच्या शालूंच्या खाली ठेवायचे. आज ऑफसाइट बॅकअप म्हणून जी गोष्ट विकली जाते, ती माझ्यासाठी अजूनही डांबराच्या गोळ्यांच्या वासाची आहे.

१९९९च्या ऑगस्टमध्ये डिस्क गेली. नवी डिस्क आली, शनिवारची टेप लावली, अकराच्या अकरा फाइल परत आल्या. साहेब खोलीबाहेर उभे. मी डेटाबेस सुरू केला. त्यानं बारावी फाइल मागितली.

ही बारावी फाइल मीच एप्रिलमध्ये बनवली होती. स्टॉकच्या टेबलस्पेसमध्ये जागा संपत आली होती म्हणून. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये फाइलींची नावं हातानं लिहिलेली होती, अकरा. बारावं नाव लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. चार महिने रोज रात्री स्क्रिप्ट चालली, रोज सकाळी 'यशस्वी' असा निरोप आला, रोज मी रजिस्टरमध्ये सही केली. एप्रिलपासूनचे सगळे आर्काइव्ह लॉग असते तर ती फाइल पुन्हा उभी करता आली असती. आम्ही लॉग पंधरा दिवसांचे ठेवत होतो. टेप चांगली, ड्राइव्ह चांगला, स्क्रिप्ट चालू, सही माझी. आणि डेटा नाही.

मग गेटचं आवक रजिस्टर, डिलिव्हरी चलनांच्या गुलाबी प्रती आणि स्टोअरमधली बिन कार्डं घेऊन आठ माणसं अकरा दिवस बसली. एप्रिल ते ऑगस्ट सगळा स्टॉक पुन्हा भरला. त्या दिवसांत मावशी घरी आली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तपासणारी कोण होती?" कुणीच नव्हती. बॅकअप घेणारी मी, सही करणारी मी. त्या महिन्यापासून कारखान्यात नियम झाला: दर महिन्याला एक टेप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करायची, आणि ती मी करायची नाही.

बँकांमधला इतिहास थोडा वेगळा आहे. तिथे कॉम्प्युटर यायलाच संघटनांशी बोलणी करावी लागली. १९८३ साली करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, मग शाखाशाखांत लेजर पोस्टिंगची मशीनं लागली. मी २००२ साली पुण्यातल्या एका सहकारी बँकेत गेले तेव्हा चौदा शाखांत चौदा सर्व्हर होते आणि प्रत्येक शाखेत बॅकअप घेणारा एक क्लार्क. दोन वर्षांत ते सगळं एका जागी आणलं. तेव्हा शाखाधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर जी धाकधूक मी पाहिली, तीच पुढे मालकांच्या चेहऱ्यावर क्लाउडचं नाव काढल्यावर पाहिली. "म्हणजे आमच्या खातेदारांचं लेजर आमच्या शाखेत नसणार?" एका अधिकाऱ्यांनी सर्व्हर गाडीत चढवताना त्याच्यावर हात ठेवला होता. त्यांना मी हसले नाही, आजही हसणार नाही. त्यांनी त्या यंत्राची वर्षानुवर्षं राखण केली होती.

तरीही यंत्र आणि त्याच्या टेपा एकाच जागी ठेवणं धोक्याचं होतं, हे २६ जुलै २००५ला कळलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एका कंपनीचा कुर्ल्यातला सर्व्हर मी तेव्हा पुण्याहून बघत असे. सर्व्हर तळमजल्यावर, टेपांचं कपाटही त्याच खोलीत. दोन्ही पाण्याखाली गेले. तिथले अकाउंटंट ३० जूनची टेप सवयीनं डोंबिवलीला घरी घेऊन गेले होते, तेवढी उरली. सव्वीस दिवसांची कामं गेली, कंपनी वाचली. त्या पावसानंतर मुंबईत 'डीआर साइट', म्हणजे संकटात कामाला येणारी दुसरी जागा, हे शब्द मालकांच्या तोंडी आले. त्याआधी ते आमच्या खर्चाच्या प्रस्तावात असायचे आणि तिथेच राहायचे.

ऑक्टोबर २००९मध्ये अॅमेझॉननं आरडीएस सुरू केलं, आधी फक्त मायएसक्यूएलसाठी. पोस्टग्रेस त्यावर यायला २०१३चा नोव्हेंबर उजाडला. कल्पना साधी होती: डेटाबेस तुमचा, पण त्याचं यंत्र, त्याचे पॅच, रोजचा बॅकअप, यंत्र बसलं तर दुसरीकडे उडी मारणं हे सगळं आमच्याकडे. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या आयुष्यातल्या जागून काढलेल्या रात्री एकेक करून तिच्यात दिसल्या. माझ्या बरोबरीच्या काही जणांना वाटलं, आपली नोकरी गेली. मला आधी वाटलं, बरं झालं. पहाटे तीनला स्कूटर काढण्यात काही मोठेपणा नव्हता.

आपल्याकडे हे खऱ्या अर्थानं रुजलं ते डेटा देशात ठेवता येऊ लागल्यावर. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०१५मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबईत अझूरची केंद्रं उघडली. अॅमेझॉनचं मुंबईचं केंद्र जून २०१६ला आलं, गूगलचं २०१७ला. एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेनं पैशांच्या व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवा असं सांगून सहा महिन्यांची मुदत दिली. तोवर ही केंद्रं इथे उभी होती.

अॅमेझॉनला स्वतःलाही हा बदल सोपा गेला नाही. तिची आतली कामं वर्षानुवर्षं ओरॅकलवर चालत होती. जवळजवळ ७,५०० डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट डेटा तिथून हलवून शेवटचा ओरॅकल डेटाबेस तिनं ऑक्टोबर २०१९मध्ये बंद केला. जी कंपनी जगाला 'आमच्याकडे या' म्हणत होती, तिला स्वतःचं घर बदलायला इतकी वर्षं लागली, हे मी प्रत्येक घाईतल्या मालकाला सांगते.

स्वतः डेटाबेस चालवणाऱ्यांची हत्यारंही याच काळात पार बदलली, हे क्लाउडच्या गोष्टीत विसरलं जातं. पोस्टग्रेसमध्ये २००५ साली, आवृत्ती ८.० मध्ये, हव्या त्या मिनिटापर्यंत डेटा परत आणायची सोय आली. २०१०च्या ९.० मध्ये सतत चालू राहणारी दुसरी प्रत ठेवता येऊ लागली. मधल्या ८.३ मध्ये, २००८ साली, 'हॉट' नावाची सुधारणा झाली. एकाच नोंदीत वारंवार बदल होतात तेव्हा साचणारा कचरा तिनं फार कमी केला. तिचा मोठा भाग पुण्यात बसून काम करणाऱ्या एका अभियंत्यानं लिहिला. आज जगभरच्या क्लाउडवर भाड्यानं मिळणाऱ्या प्रत्येक पोस्टग्रेसमध्ये ते काम आहे. ज्या वस्तूचं भाडं आपण भरतो तिचा काही भाग आपल्याच गावात घडला, हे पुण्यातल्या मुलांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता दोन घटना सांगते. दोन्ही त्या त्या कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेल्या.

३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅबचा एक अभियंता पोस्टग्रेसची दुसरी प्रत दुरुस्त करत होता. डेटाबेस त्यांचा ते स्वतः चालवत. प्रत नव्यानं भरायची म्हणून तिचं रिकामं फोल्डर उडवायचं होतं. त्यानं कमांड दिली आणि क्षणात त्याच्या लक्षात आलं की आपण मूळ सर्व्हरवर आहोत. थांबवलं तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तो होत नसल्याचे ईमेल निघत होते, पण सहीच्या एका तांत्रिक अटीपायी ते पोचत नव्हते. पाच तऱ्हांनी प्रती ठेवल्या जात होत्या असं सगळे धरून चालले होते, आणि त्या रात्री त्यांतली एकही कामाची निघाली नाही. वाचले ते एका योगायोगानं: त्याच अभियंत्यानं चाचणीसाठी सहा तासांपूर्वी हातानं एक स्नॅपशॉट घेतला होता. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी त्या माणसावर खापर फोडलं नाही आणि सगळी हकिकत लोकांपुढे ठेवली, यासाठी मी त्यांना मानते. ती हकिकत वाचताना मला माझी बारावी फाइल दिसत होती.

दुसरी घटना मे २०२४ची, ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची. सहा लाखांवर सभासद. त्यांची यंत्रणा गूगलच्या क्लाउडवर, एकाऐवजी दोन ठिकाणी. ती उभारताना गूगलच्या बाजूनं एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे यंत्रणेनं एक वर्षाची मुदत धरली आणि मुदत भरल्यावर सगळं पुसून टाकलं, दोन्ही ठिकाणचं. सभासदांना कित्येक दिवस खाती बघता आली नाहीत. वेगळ्या ठेवलेल्या प्रतींमुळे सगळं परत उभं राहिलं, आणि त्यांत दुसऱ्या पुरवठादाराकडच्याही प्रती होत्या. कुणीतरी आधीच विचार केला होता की जो सांभाळतो त्याच्याच हातून गेलं तर काय.

गिटलॅबचं उदाहरण देऊन क्लाउडवाले सांगतात, बघा, स्वतः केलं की असं होतं. युनिसुपरचं उदाहरण देऊन दुसरे सांगतात, बघा, भाड्याच्या घराचं हे असं. मला दोन्हीकडे एकच रिकामी जागा दिसते. झालेलं काम दुसऱ्या कुणी तपासलेलं नव्हतं. युनिसुपर तरलं, कारण निदान प्रत दुसऱ्याच्या हाती होती.

भाड्याविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे मालक फसतात. सुरुवातीला बिल लहान दिसतं. मग डेटा वाढतो, प्रती वाढतात, आणि जुनी आवृत्ती वापरत राहिलात तर तिचंही वेगळं भाडं लागतं. मायएसक्यूएल ५.७ आणि पोस्टग्रेस ११ साठी आरडीएसवर २०२४पासून तसं ते लागू झालं. स्वतःच्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालवणं धोक्याचं होतं, पण त्याचं बिल येत नसे. अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स या कंपनीनं २०२२ साली क्लाउड सोडायचं जाहीर केलं. त्या वर्षीचं त्यांचं बिल ३२ लाख डॉलर होतं. त्यांना ते जमलं, कारण सर्व्हर चालवू शकणारी माणसं त्यांच्या पगारावर आधीपासून होती. ज्यांच्याकडे तशी माणसं नाहीत त्यांनी हे उदाहरण छापून भिंतीवर लावू नये.

आणखी एक आकडा. आरडीएसचा आपोआप होणारा बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवसांचा ठेवता येतो. डेटाबेस काढून टाकताना 'बॅकअप ठेवा' असं वेगळं सांगितलं नाही तर तेही बॅकअप जातात. आपल्या कंपनी कायद्यानं हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, आणि २०२२पासून तर त्यांची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवायची आहे. पस्तीस दिवस आणि आठ वर्षं यांमधलं अंतर भरून काढायचं काम कुठल्याही भाड्यात धरलेलं नसतं. ते तुमचं. कित्येक हिशेबनीसांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते मात्र पैशांच्या पलीकडचं आहे. टेप बदलता बदलता आम्ही डेटाबेस शिकलो. कुठली फाइल कशाची, कुठलं टेबल महिनाअखेरीला फुगतं, कुठल्या रात्री काय चालतं हे अंगवळणी पडलं होतं. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हुशार आहेत, माझ्यापेक्षा पुष्कळ गोष्टी त्यांना येतात. पण त्यांनी डेटाबेस मेलेला पाहिलेला नाही, म्हणून तो उठवलेलाही नाही. क्लाउडनं रात्रपाळी काढून घेतली ते चांगलंच केलं. रात्रपाळीत मिळणारं शिक्षण दिवसा कसं द्यायचं हे आम्ही मोठ्यांनी ठरवायला हवं होतं. ते आम्ही केलं नाही. म्हणून मी आता दर महिन्याला एका शनिवारी त्यांच्याकडून एक डेटाबेस मुद्दाम मोडून घेते आणि बॅकअपमधून उभा करून घेते. पहिल्यांदा त्यांचे हात थरथरतात.

त्या पतसंस्थेत मी गेले. सर्व्हर जिन्याखाली, शेजारी पाण्याची टाकी. बॅकअप एका हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क त्याच सर्व्हरला कायमची जोडलेली. तो बघणारा मुलगा कष्टाळू, पण एकटा, आणि त्याला पुण्याला नोकरी मिळायची बोलणी चाललेली. हे पाहिल्यावर ठरवायला फार वेळ लागला नाही. मी संचालक मंडळाला सांगितलं: तुम्ही मॅनेज्ड डेटाबेस घ्या, आरडीएससारखा, मुंबईच्या केंद्रातला. तुमच्याकडे सर्व्हर उठवणारा माणूस नाही, आणि एका माणसाच्या जिवावर ठेवीदारांचे पैसे ठेवायचे नाहीत. मात्र आठवड्याला एक पूर्ण प्रत त्या क्लाउडच्या बाहेर काढायची, साध्या फाइलमध्ये, दुसऱ्या कुठल्याही पोस्टग्रेसवर चढेल अशी. ती वेगळ्या पुरवठादाराकडे, वेगळ्या पासवर्डखाली ठेवायची. आणि तीन महिन्यांतून एकदा ती एका मोकळ्या मशीनवर उभी करून ठेवींची बेरीज मूळ खात्याशी जुळवायची.

हेच मी कारखान्याला सांगितलं नसतं. भोसरीतल्या माझ्या जुन्या कारखान्यात आज तीन जाणती माणसं आहेत, इमारत उंचावर आहे, आणि शॉप फ्लोअरवरच्या मशीनना इंटरनेट गेलं तरी डेटाबेस हवा असतो. त्यांनी आपला पोस्टग्रेस आपल्याच खोलीत ठेवला आहे, ते बरोबर आहे.

"जुळवायचं कुणी?" अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, बॅकअप ज्याच्या हातात आहे त्यानं नाही. ठेव विभागातल्या बाईंना शिकवू.

जूनमध्ये पहिली तपासणी झाली. प्रत उभी राहायला तीन तास चाळीस मिनिटं लागली. ठेव विभागातल्या बाईंनी बेरीज केली. एका खात्यात फरक निघाला, तो का निघाला हे शोधायला संध्याकाळ झाली आणि तो मिटला. रजिस्टरमध्ये आता दोन सह्या आहेत, वेगवेगळ्या शाईत. पुढची तारीख सप्टेंबरची आहे.